विमानावरचा नंबर वाचा, इतिहास कळेल

सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर मुलांना बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय जरूर दाखवा. तिथं तीन शेपट्यांचं मोठं ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ उभं आहे. त्यावर ‘आयएन ३१५’ लिहिलंय. आयएन म्हणजे इंडियन नेव्ही. पण हे विमान आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत होतं, मग हवाई दलात गेलं. १९७६ च्या सुमारास नौदलात येऊन समुद्रावर पहारा देऊ लागलं. प्रत्येक वेळी नंबर, रंग बदलले, विमान तेच. गोल चिन्हात मात्र बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

आपली मुलं फोटो काढून पुढे जातात. त्यांना थांबवा, वाचायला लावा. एनडीएची परीक्षा आता मुलीही देतात. हवाई दल, नौदलासाठी बारावीला गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री हवं. आठवी-नववीपासूनच लक्ष द्या.