धमनीची स्पर्शपरीक्षा

पोटावर हात ठेवून यकृत मऊ की कठीण, हे सांगायला आपण सारेच विद्यार्थिदशेत शिकलो. हृदयाच्या धमनीपर्यंत मात्र कुणाचेही बोट पोहोचत नाही. अँजिओग्राफीत दिसते ती केवळ पोकळीची सावली. भिंतीचा पोत कळत नाही.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकात रॉटरडॅमच्या संशोधकांनी केला. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरच्या टोकावर सोनोग्राफीचा शोधक बसवून तो धमनीत सरकवायचा आणि रक्तदाबात थोडा फरक असताना दोन प्रतिमा टिपायच्या. मऊ भाग अधिक दबतो, कठीण भाग कमी. संगणक हा सूक्ष्म फरक मोजून दाखवतो. या तंत्राच्या एका प्रकाराचे नावच मुळी ‘पाल्पोग्राफी’, म्हणजे आपली जुनी स्पर्शपरीक्षा! पातळ आवरणाखाली मेद दडवून बसलेला मऊ थर फुटण्याचा धोका अधिक. २००३ साली शवविच्छेदनातून मिळालेल्या मानवी धमन्यांत असे घातक थर या तंत्राने ८८ टक्के वेळा ओळखले. दैनंदिन वापरात मात्र ते रुळले नाही.

बालरोगतज्ज्ञाने यात का पडावे? कारण डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेला आजार. उपचार न झाल्यास सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हृदयधमन्यांना फुगे येतात.

वीसेक वर्षांपूर्वी इंदुरात, राजवाड्याजवळच्या माझ्या दवाखान्यात, तीन वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, लाल जीभ. मी प्रतिजैविके देत राहिलो. बाराव्या दिवशी बोटांची त्वचा सोलू लागली, तेव्हा उमगले. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन देण्याची संधी माझ्या हातून निसटली होती. इकोत धमनीचा फुगा दिसला. दोन वर्षांनी तो मावळला, आणि मी आनंदाने सांगितले, “बाळ बरा झाला.”

आज तसे म्हणणार नाही. धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत अशा मावळलेल्या जागी आतला थर जाड झालेला आढळतो. पोकळी पूर्ववत दिसते ती अनेकदा याच जाडीमुळे. भिंत मात्र पूर्वीसारखी ताणत नाही.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे, क्रिकेट खेळतो. दरवर्षी मी त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो, तेव्हा त्याचे वडील कुरकुरतात, “डॉक्टरसाहेब, बरा झाला असं तुम्हीच तर म्हणाला होतात ना?”