धोतरा: देवाला चालतो, पोटाला नाही

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे गाव, आणि महादेवाला धोतरा प्रिय. देवाला चालतो तो थोडा पोटात गेला तर काय बिघडते, असे अनेकांना वाटते. बिघडते.

धोतरा वांग्याच्याच कुळातला. त्याच्या सर्व भागांत, बियांत तर विशेषच, अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे (वनस्पतीतील तीव्र परिणामाची द्रव्ये) असतात. काही कीटकनाशकांच्या विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनच टोचतात, पण मोजून. झाडातले प्रमाण मिरच्यांसारखे: एक फिकी, दुसरी जहाल. दम्यासाठी पानांचा धूर ओढण्याची जुनी रीत म्हणूनच धोक्याची.

धोतरा बाधला की तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, माणूस बरळतो, हवेतले काहीबाही वेचू लागतो. अशा वेळी ताक-लिंबू पाजत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा आणि खाल्लेल्या बिया-फळ सोबत न्यावे.