वय वीस, अंगकाठी बारीक. तरी साखर तपासा

बाबासाहेबांना शेवटची काही वर्षे मधुमेहाने किती छळले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. तरीही हा आजार खात्यापित्या, पोट सुटलेल्या, साठीच्या माणसाचा, असाच समज वस्तीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या किडकिडीत मुलाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने कमी नव्हती. अशा शरीरात पुढे साखर लवकर वाढते. आईला गरोदरपणी पुरेसे अन्न मिळाले नाही, तर त्याचा हिशेब मुलाच्या तरुणपणी निघतो. मग हा श्रीमंतांचा आजार कसा?

आता मुलांचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्किटावर लेक्चर, दुपारी वडापाव, रात्री अभ्यासिकेत पुन्हा चहा आणि जागरण. स्पर्धा परीक्षेची मुले तर दहा-दहा तास खुर्ची सोडत नाहीत. अभ्यास कौतुकाचा, बैठक मात्र घातक. कोल्ड्रिंकच्या पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. एवढी साखर कुणी चहात घातली, तर आपण कप परत करू!

यावर जिमची फी भरायला नको. भाकरी-भाजीचा डबा, मधल्या भुकेला मूठभर फुटाणे, तासाभराने उठून चार पावले, एक स्टॉप आधी उतरून पायी घर. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे झाले पाहिजे. आणि रात्रीची झोप.

मानेवर काळपट, जाडसर, मखमली पट्टा दिसला, तर आया तो मळ समजून घासायला लावतात. बऱ्याचदा तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. सारखी तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम हीही लक्षणे. वजन झपाट्याने उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही तरुणांना इन्सुलिन सुरुवातीपासूनच लागते. झाडपाल्याच्या नादाने ते थांबवले, तर जिवावर बेतते.

सरकारी तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी असते, त्यामुळे विशीच्या मुलाला कुणी बोलवायला येणार नाही. आईवडिलांपैकी कुणाला साखर असेल, मुलाची कंबर ९० किंवा मुलीची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन तपासणी मागा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथून मागे फिरता येते. १२६ किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात. रक्त देण्याआधी आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही.