कारस्थानांची कथा (भाग ४) : व्हॅरिसला गादीवर कोण हवा आहे?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचे वाचक शंकेखोर झाले, ते लेखकामुळेच. पहिल्या खंडात (१९९६) राजाचा प्रधान जॉन ॲरिन याच्या मृत्यूचा आळ लॅनिस्टर घराण्यावर येतो आणि त्या संशयातून पुढची सगळी आग भडकते. तिसऱ्या खंडात (२०००) कळतं की विष त्याच्या बायकोनेच, लिसाने, पीटर बेलिशच्या सांगण्यावरून दिलं होतं आणि लॅनिस्टरांवर आळ घेणारं पत्रही तिनेच बहिणीला धाडलं होतं. एवढा मोठा घात लेखक हजारो पानं लपवून ठेवत असेल, तर दरबारातल्या माणसांचे खरे हेतू शोधणं हा वाचकांचा चाळा म्हणता येत नाही. मात्र शोधायचं कसं, हा प्रश्न उरतो. माझ्या मते हेतू ताडायचा तो पात्राच्या बोलण्यावरून नव्हे. ते कशासाठी पदरमोड करतं आणि काय खुशाल वाऱ्यावर सोडतं, तिथे बघायचं. या कसोटीला उतरणारी फॅन थिअरी म्हणजे एगॉन हा तोतया आहे, ही.

पाचव्या खंडात (२०११) एक तरुण अचानक पुढे येतो. राजपुत्र ऱ्हेगार टार्गेरियनचा मुलगा एगॉन तान्हेपणीच मारला गेला, असं सारं जग मानतं. हेरांचा प्रमुख व्हॅरिस आणि त्याचा मित्र, पेंटॉसचा धनाढ्य इलिरिओ, यांच्या म्हणण्यानुसार बाळाची अदलाबदल झाली होती आणि खरा वारस लपवून वाढवला गेला. थिअरी म्हणते की हा मुलगा ब्लॅकफायर घराण्याचा आहे. टार्गेरियन राजाच्या अनौरस मुलापासून सुरू झालेली ही शाखा पिढ्यान् पिढ्या गादीसाठी बंड करत राहिली आणि हरून परागंदा झाली.

आता या दोघांचं वागणं पाहा. टार्गेरियनांना गादी परत मिळवून द्यायची असेल, तर व्हिसेरिस आणि डेनेरिस ही निर्विवाद टार्गेरियन भावंडं त्यांच्या हाताशीच होती. इलिरिओने काय केलं? कोवळ्या डेनेरिसला डोथ्राकी टोळीप्रमुखाच्या पदरात बांधलं, आणि पुढे टिरियन लॅनिस्टरजवळ सहज बोलून गेला की ती त्या लोकांत फार दिवस तगेल असं आपल्याला वाटलंच नव्हतं. ज्याला वारस जपायचा आहे तो असं बोलत नाही. दुसरीकडे एगॉनसाठी मात्र शिक्षक, योद्धे, धर्मगुरू, भाषा, इतिहास अशी वर्षानुवर्षांची तजवीज. एकाच घराण्याची मुलं असूनही एक जिवापाड जपलेलं आणि दोन पणाला लावलेली, हा फरक टार्गेरियननिष्ठेने उलगडत नाही.

गोल्डन कंपनीचंही तसंच. ही भाडोत्री फौज ब्लॅकफायरांच्या पराभूत पक्षाने परदेशात उभारली आणि दिलेला करार न मोडणं हीच तिची ख्याती. ती मीर शहराशी केलेला करार मोडून एका टार्गेरियनामागे उभी राहते. यावर आक्षेप असा की पिढ्या उलटल्या, जुनं वैर विझलं, या सैनिकांना फक्त मायदेशी जायचं आहे. आक्षेप वजनदार आहे. पण याच फौजेच्या सरदारांनी व्हिसेरिसची मेजवानी झोडली होती आणि मग त्याला हसून वाटेला लावलं होतं. व्हिसेरिस कफल्लक होता हे खरं, तरी घरी परतण्याची ओढ एवढीच गोष्ट असती तर त्याच्याशी निदान बोलणी झाली असती. शिवाय ब्लॅकफायरांची फौज टार्गेरियनांमागे कशी, अशी शंका टिरियनने काढल्यावर इलिरिओ उत्तर देतो की ब्लॅकफायरांचा पुरुष वंश संपला. वंश संपला एवढं म्हणून भागलं असतं.

चौथ्या खंडातली (२००५) खानावळीची पाटी तर मला या सगळ्यापेक्षा बोलकी वाटते. सेप्टन (धर्मोपदेशक) मेरिबाल्ड प्रवासात सांगतो की चौरस्त्यावरच्या एका खानावळीपुढे काळ्या लोखंडाचा तीन डोक्यांचा ड्रॅगन टांगलेला होता. सुट्या तुकड्यांचा, वाऱ्यावर खणखणणारा. काळा ड्रॅगन ही ब्लॅकफायर बंडखोरांची खूण, म्हणून तिथल्या सरदाराने तो फोडून नदीत फेकला. कित्येक वर्षांनी त्याचं एक डोकं दूर किनाऱ्याला लागलं, तेव्हा ते गंजून तांबडं झालं होतं. टार्गेरियनांचा ड्रॅगन तांबडा आहे. समुद्रापार गेलेला काळा वंश तांबडा होऊन परततो, ही गोष्ट मार्टिन यांनी एगॉन रंगमंचावर येण्याआधीच्या खंडात ठेवली. दुसऱ्या खंडातल्या दृष्टान्तात डेनेरिसला काठ्यांवर डुलणारा कापडी ड्रॅगन दिसतो आणि त्याला सोंगाड्याचा ड्रॅगन म्हटलं जातं. व्हॅरिस लहानपणी सोंगाड्यांच्या फिरत्या मंडळीत होता, हे लक्षात घेतलं की तो ड्रॅगन कोणाचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

सर्वांत अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे. पाचव्या खंडाच्या अखेरीस व्हॅरिस केव्हन लॅनिस्टरला बाणाने लोळवतो आणि त्या मरत्या माणसाला एगॉनची थोरवी ऐकवतो. मरणाऱ्याशी खोटं बोलायचं कशाला? तो प्रसंग नीट वाचला तर दिसतं की व्हॅरिस मुलाच्या घडणीबद्दल बोलतो: तो उपाशी राहिला आहे, जाळी सांधतो, स्वतःचे कपडे धुतो, राज्य करणं हे कर्तव्य मानतो. त्याचा बाप कोण, हे व्हॅरिस उच्चारत नाही. तेव्हा तो खोटं बोलतो असं मानायची गरजच उरत नाही.

या कादंबऱ्यांवरच्या दूरदर्शन मालिकेत हा एगॉन नाही म्हणून थिअरी बाद, हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. जॉन स्नो या पात्राच्या जन्माचं कोडं वाचकांनी १९९० च्या दशकातच सोडवलं होतं आणि मालिकेने २०१६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण मालिकेने जे गाळलं ते पुस्तकातही नाहीच, असं त्यातून निघत नाही. याउलट सगळे मेस्टर, म्हणजे राज्यातले विद्वान, मिळून शतकानुशतकं राज्य चालवतात ही थिअरी मला पटत नाही. ड्रॅगन मेस्टरांनीच संपवले असं मार्विन हा त्यांच्यातलाच एक सुचवतो, तेवढा तिला आधार आहे. पण पुढे पुरावा नसणं हाच पुरावा ठरतो, आणि कोणत्या मेस्टरने त्यासाठी काय गमावलं याचा पत्ता लागत नाही.

ब्लॅकफायर थिअरीतही सगळे धागे सारखे पक्के नाहीत. एगॉन ऱ्हेगारचा मुलगा नाही, हे मी मानतो. इलिरिओची दिवंगत बायको सेरा ही त्याची आई आणि ब्लॅकफायरांची लेक, हे शक्य वाटतं: तिच्या केसांची सोनेरी-रुपेरी छटा आणि इलिरिओने मुलासाठी आठवणीने पाठवलेलं पाकवलेलं आलं, एवढाच त्याला आधार. आणि व्हॅरिस टक्कल ठेवतो ते रुपेरी केस लपवायला, म्हणजे तोही त्याच रक्ताचा, या तर्काला पुस्तकात काहीच टेकू सापडत नाही.