सहा लाख चिठ्ठ्या आणि हजार माणसे

2014 च्या सुरुवातीला नागपुरात ‘जनमंच’ या संघटनेने वेगळ्या विदर्भावर जनमत घेतले. 6 लाखांहून अधिक लोकांनी मत दिले आणि त्यांतल्या सुमारे 96 टक्क्यांनी वेगळे राज्य मागितले. कार्यकर्त्यांची ती मेहनत मोठी होती, आणि एवढ्या लोकांची इच्छा किरकोळ म्हणून बाजूला सारता येत नाही. पण ‘96 टक्के नागपूरकरांना विदर्भ हवा’ हे विधान त्यातून निघत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत नागपूर मतदारसंघात सुमारे 19 लाख मतदार होते. म्हणजे दोन तृतीयांश लोक या जनमताला आलेच नाहीत. ते सगळे विरोधात असतील, तर पाठिंबा 30 टक्क्यांच्या आसपास भरतो. सगळे बाजूने असतील, तर 98 च्या पुढे जातो. खरा आकडा या दोहोंमध्ये कुठेही असू शकतो, आणि तो नेमका कुठे आहे हे चिठ्ठ्या कितीही मोजल्या तरी कळणार नाही. ज्यांना विषयाची तळमळ असते ते आपणहून पेटीपर्यंत येतात, ज्यांना नसते ते घरी राहतात. त्यामुळे असे जनमत तळमळ उत्तम दाखवते, लोकमताचे प्रमाण मात्र दाखवत नाही.

उत्तरे जितकी जास्त तितका निष्कर्ष पक्का, हाच यातला मूळ गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाची 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत याच समजुतीने फसगत झाली. त्यांनी सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि लँडन जिंकणार असे जाहीर झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही ठरावीकच होते. मतचाचणी घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण समाजाच्या सर्व थरांतून निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत भांड्यात कुठूनही उचललेले असेल तरच. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढल्याप्रमाणे हजार-बाराशे नावे निवडली आणि त्या सगळ्यांपर्यंत पोहोचता आले, तर चूक बहुतेक वेळा 3 टक्क्यांच्या आत राहते; मग शहर नागपूर असो की मुंबई.

यावर लगेच आक्षेप येतो: मग 2024 च्या लोकसभा निवडणुकीचे मतदानोत्तर अंदाज का कोसळले? नमुन्याची निवड आणि खरे उत्तर न देणारे मतदार ही कारणे आहेतच. पण मतांवरून जागा काढणे हे आणखी वेगळे आणि निसरडे काम आहे. महाराष्ट्रात त्या लोकसभेला महायुती आणि महाविकास आघाडी यांची मते जवळपास सारखी होती. जागा मात्र 17 आणि 30. दुसरा आक्षेप असा की निवडणूकच खरे जनमत सांगते. पण निवडणुकीत एका बटणात वीस प्रश्न मिसळलेले असतात. 1971 मध्ये जांबुवंतराव धोटे वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेऊन नागपुरातून लोकसभेवर गेले. त्यावरून मागणी जिंकली असे म्हणायचे, तर विदर्भवादी उमेदवार पडले तेव्हा ती हरली असेही म्हणावे लागेल. दोन्ही अनुमाने कच्ची आहेत.

म्हणून मागणीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही 96 चा आकडा बाजूला ठेवावा आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांच्या मतदार याद्यांतून नमुना निवडून पाहणी व्हावी असा आग्रह धरावा. प्रश्नाचे शब्द, नमुन्याची पद्धत आणि उत्तर न देणाऱ्यांची संख्या आधी छापल्याशिवाय तिचा निकाल कुणी मानू नये. कायदेशीर कौल ही त्यापुढची पायरी. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या प्रश्नावर गोव्याला तो 16 जानेवारी 1967 रोजी देता आला; विदर्भाला तो अजून कुणी विचारलेला नाही.