बेने इस्राएलांच्या लग्नांतील कागद

गेल्या मार्गशीर्षांत गडहिंग्लजास आमच्या घरीं पुतणीचें लग्न झालें. त्या कार्यास तिच्या एका मैत्रिणीच्या आजी मुद्दाम ठाण्याहून आल्या होत्या. नऊवारी लुगडें, बोलणें अस्सल कुलाब्याकडील. त्या यहुदी आहेत हें आम्हीं सांगेपर्यंत घरांत कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. आदल्या दिवशीं सायंकाळीं मानपानावरून कांहीं बोलाचाली झाली, तेव्हां वडील मंडळींनीं साखरपुड्याच्या वेळच्या याद्या कपाटांतून बाहेर काढल्या. आजीबाई शांतपणें पाहत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडेही लग्नांत कागद असतो हो. पण तो नवऱ्या मुलीच्या हातीं देतात.” हें वाक्य आमच्या मनांतून कांहीं केल्या जाईना. त्यानंतर जें वाचलें व विचारून घेतलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशीं त्यांचीं आडनांवें, आणि घरची भाषा मराठी. मुंबईंत सामुएल दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें सिनेगॉग बांधलें तें १७९६ सालीं. तत्पूर्वीं कित्येक पिढ्या हा समाज धर्मग्रंथ व धर्मगुरु यांपासून तुटलेलाच होता.

त्यांच्या लग्नाचा बाहेरचा थाट आपल्यास परका वाटणार नाहीं. लग्नाआधीं मेंदी लागते. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नांवानें मलिदा करतात. तो म्हणजे गोड पोहे, ओलें खोबरें, सुका मेवा व फळें. देह न ठेवतां अग्निरथांतून स्वर्गास गेलेला हा प्रेषित कोंकणांतही येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा असून अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या खुणा दाखवितात. वधू पांढरी साडी नेसून सिनेगॉगांत येते आणि वर स्वतः हिब्रू गीत गाऊन तिचें स्वागत करतो. आपल्याकडे मंगलाष्टकें इतरांनीं म्हणावयाचीं व नवऱ्यानें अंतरपाटामागें मुकाट उभें राहावयाचें. तिकडे मात्र गळा नसलेल्या वराची धडगत दिसत नाहीं! मंगळसूत्र त्यांच्या शास्त्रांत नाहीं. तें त्यांच्या बायकांनीं शेजारणींपासून घेतलें. शास्त्राची ती अंगठी. ती वराच्या स्वतःच्या मालकीची असली पाहिजे, आणि दोन साक्षीदारांसमक्ष वधूच्या तर्जनींत घालावयाची. साक्षीदारांस स्पष्ट दिसावें म्हणून तर्जनी, असें सांगतात.

मग तो कागद मोठ्यानें वाचला जातो. त्याचें नांव केतुबा. त्याची भाषा अरामी आहे, कारण ज्या काळीं त्याचा मसुदा ठरला त्या काळीं सामान्य यहुदी माणूस तीच भाषा बोलत असे, व करार ज्यास समजावयाचा त्याच्या बोलींत लिहिला गेला. आज ती बोली लुप्तप्राय झाली, मसुदा राहिला. वर पत्नीच्या अन्नवस्त्राची हमी घेतो. शिवाय त्यानें तिला सोडल्यास किंवा तो निवर्तल्यास तिला २०० झूझ, आणि वधू विधवा असल्यास १०० झूझ, मिळावे असें त्यांत असतें. आंकडा कोरडा वाटेल. परंतु मिश्ना या ग्रंथांत, ज्याच्याजवळ २०० झूझ आहेत त्यानें शेतांतील गरिबांचा वांटा उचलूं नये, असा नियम आहे. म्हणजे घराबाहेर पडलेल्या स्त्रीवर दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचण्याची पाळी येऊं नये, एवढी ती रक्कम! आरंभीं वराकडील द्रव्य वधूच्या बापाकडे जाई. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत शिमोन बेन शेताह या आचार्यानें नवऱ्याची सर्व मालमत्ताच या देण्यास तारण ठरविली. बायकोस घालवून देणें नवऱ्यास स्वस्त वाटूं नये, हा त्यांतील हेतु.

आमच्याकडे स्मृतिकारांनीं स्त्रीधन सांगितलें खरें. पण याद्यांत ओघ बहुधा उलट्या दिशेनें वाहतो. हुंडा १९६१ च्या कायद्यानें बंद झाला. ‘मुलीच्या खुशीनें’ हे शब्द मात्र बंद झाले नाहींत.

लग्नांत पेला फोडतात, तो इ. स. ७० मध्यें रोमनांनीं पाडलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या स्मरणार्थ. याचें मूळ मात्र तालमुदांतील एका गोष्टींत शोधतात. रविनाच्या मुलानें आपल्या पुत्राच्या लग्नांत पंडितमंडळी फार उल्लसित झालेली पाहून ४०० झूझांचा पेला त्यांच्यासमोर फोडला आणि सारे गंभीर झाले. एका पेल्यांत दोन वधूंचे केतुबे फुटले, हा हिशेब आम्हांस उगाच सुचला.

केतुब्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घटस्फोटाचा लेख, म्हणजे ‘गेट’, देणें नवऱ्याच्याच हातीं असतें. तो न देईल तर स्त्री अडकून पडते. याच लेखावरून बेने इस्राएलांवर एक संकट ओढवलें. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येनें इस्राएलांत गेले. कोंकणांत धर्मगुरूंवांचून राहिलेल्या या लोकांचे जुने घटस्फोट शास्त्रशुद्ध होते काय, अशी शंका तेथील धर्माधिकाऱ्यांनीं काढली आणि १९६२ सालीं, बेने इस्राएलांचें इतर यहुद्यांशीं लग्न लावण्यापूर्वीं आईकडील वंशावळ जितकी मागें नेतां येईल तितकी तपासावी, असा हुकूम सोडला. ज्यांनीं ग्रंथ हाताशीं नसतां शनिवार पाळला, त्यांच्याच मुली मांडवाच्या दारीं अडविल्या गेल्या! मोर्चे निघाले, यरुशलेमांत धरणें धरलें गेलें. अखेर ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील संसदेनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें, व हुकुमांतून त्यांचें नांव गाळावें लागलें.

आजीबाईंचा केतुबा त्यांच्या ठाण्याच्या घरीं ट्रंकेंत, शालूच्या घडींत जपून ठेवलेला आहे. तो आपणांस वाचतां येत नाहीं, हें त्यांनीं हंसत सांगितलें. त्या निघाल्यावर आम्हीं घरांत पुतणीच्या याद्यांची चौकशी केली. दोन दिवसांनीं त्या आचाऱ्याच्या हिशेबाच्या वहींत सांपडल्या. पाठीवर भाजीचा हिशेब मांडलेला होता.