गळ्यातला समुद्र

तेरणा नदीच्या काठावरच्या तेर गावाला एकेकाळी तगर म्हणत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, थेट भडोचच्या बंदरात जात असे. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून लांब आहे. बालाघाटाच्या या कोरड्या पठारावर कित्येकांनी समुद्र आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो. तरीही इथल्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात समुद्राचा एक अंश वस्तीला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा माझा हात नकळत माझ्या गळ्याकडे गेला होता.

तो अंश म्हणजे आयोडीन. 1811 साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ उठताना दिसली आणि हे मूलद्रव्य माणसाला ठाऊक झालं. आपल्या अख्ख्या शरीरात ते असतं फक्त पंधरा-वीस मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराच्या गुंजेचा सहावा-आठवा भाग. त्यातलं बरंचसं गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉइड ग्रंथीत साठलेलं असतं. समुद्रातून हवेत, हवेतून पावसात, पावसातून मातीत आणि पिकात असा त्याचा प्रवास. समुद्रापासून लांबच्या किंवा पावसानं धुपलेल्या जमिनीत ते कमी पडतं. मग ग्रंथी जिवाच्या आकांतानं वाढते आणि गळा सुजतो. यालाच आपण गलगंड म्हणतो.

त्यावरचा उपाय आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारीच असतो: आयोडीनयुक्त मीठ. गंमत अशी, की समुद्राच्या मिठात मुळात आयोडीन जवळजवळ नसतंच. ते कारखान्यात मुद्दाम मिसळावं लागतं. म्हणून लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ समुद्राचं असलं, तरी ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही. देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर पिकतं. दोन हजार वर्षांपूर्वी तगरचं कापड ज्या किनाऱ्याकडे गेलं, त्याच किनाऱ्याकडून आज आपल्या भाजी-आमटीची चव येते. मोठ्या माणसाची आयोडीनची रोजची गरज दीडशे मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांची बेरीज केली, तरी चार ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा आयोडीनवर एक अख्खं आयुष्य चालतं!

या आयोडीनपासून ग्रंथी संप्रेरक बनवते, म्हणजे हार्मोन. त्याची ताकद 1912 साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडकाच्या पिल्लांमध्ये पाहिली. त्यानं त्यांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खायला घातले. पिल्लांची वाढ खुंटली, पण शेपटी गळून पाय फुटले आणि वेळेआधीच माशीएवढे इवलेसे बेडूक तयार झाले. पाण्यातला जीव जमिनीवर आणणारा निरोप एका रेणूत होता. आईच्या पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला हाच निरोप लागतो आणि पहिल्या काही महिन्यांत तो आईच्याच रक्तातून येतो. थायरॉइडचा आजार असलेल्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं, ते याचसाठी. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून काढलेल्या थेंबभर रक्तानंही या हार्मोनची कमतरता कळते. वेळेत गोळी सुरू झाली, तर बाळाची बुद्धी वाचते.

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडला, की बहुतेकांचा एका आकड्यापाशी गोंधळ होतो. टीएसएच वाढलेला असतो आणि डॉक्टर म्हणतात, ग्रंथी मंद झाली आहे. वाढलेला आकडा आणि मंद ग्रंथी, हे कसं? कारण टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची हाक आहे. उसाच्या फडात काम रेंगाळलं, की मुकादमाचा आवाज चढतो. तसंच इथं होतं. थायरॉइड मंदावली, की टीएसएच चढतो. काम उरकायला लागलं, की हाक खाली येते. दिवसरात्र, आपल्याला पत्ताही न लागता, हा संवाद चालू असतो.

ग्रंथी मंद झाली, की थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, गळणारे केस, पाळीत अंगावरून जास्त जाणं, मनाची मरगळ असं काहीही सुरू होतं. बायका वर्षानुवर्षं हे ‘कामाचा शीण’ म्हणून अंगावर काढतात. यावरची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. शंभर मायक्रोग्रॅमची रोजची गोळी धरली, तर गुंजभर औषध एका माणसाला तीन वर्षं पुरेल. ही गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासानंतर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर त्या तिला पोटातच अडवतात.

ग्रंथी वेगानं धावू लागली, तर निवड अवघड होते. ग्रेव्ह्ज नावाच्या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकीच्या प्रथिनांतून टीएसएचची नकली हाक देते. खरा मुकादम गप्प बसलेला असतो, तरी काम थांबत नाही. छाती धडधडते, हात कापतात, पोटभर जेवूनही वजन घटतं, काहींचे डोळे पुढे येतात. यावर तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता गोळ्यांचा. त्या साधारण वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या, मधून मधून रक्त तपासायचं. ग्रंथी शाबूत राहते, पण गोळ्या थांबवल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकपणे घटतात. म्हणून या गोळ्या चालू असताना ताप आणि घसादुखी आली, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं असतं. तिसरा रस्ता ऑपरेशनचा. सुटका झटपट होते, पण आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्या ग्रंथी तिथेच असतात, म्हणून हात सरावलेला हवा.

मधला रस्ता मला थक्क करतो. आयोडीनचं एक किरणोत्सारी भावंड आहे, आयोडीन-131. आपल्याकडे ते मुंबईत, खाडीकाठच्या तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं. आठ दिवसांत ते निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मं. त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963पासून ते आजार ओळखायला आणि बरा करायला वापरलं जातं. रुग्ण ते गिळतो. थायरॉइडला साधं आणि किरणोत्सारी यांतला फरक कळत नाही. ती नेहमीच्या ओढीनं ते आत घेते आणि त्याच्या किरणांपैकी दोनेक मिलिमीटरच्या आतच थांबणारे किरण तिच्याच अतिउत्साही पेशींना शांत करतात. ना चीर, ना टाका. मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे देत नाहीत, पुढचे सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, काही दिवस लेकरांपासून दूर झोपावं लागतं, आणि डोळ्यांचा त्रास असेल तर तो वाढू शकतो. पुढे ग्रंथी बहुधा मंद होते आणि रोजची गोळी कायमची लागते.

आता समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशीकडची, ग्रेव्ह्ज झालेली एक तिशीची बाई डॉक्टरांसमोर बसली आहे. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणार आणि चार-पाच महिने फडावरच राहणार. धाकटं मूल अजून अंगावर पितं. ती म्हणते, “डॉक्टरसाहेब, आम्हाला काय कळतंय? तुम्हीच काय ते ठरवा.”

पण तिला जे कळतं, ते डॉक्टरांना कुठल्याही रिपोर्टमधून कळणार नाही. फडावर असताना रक्त तपासायला जमेल का, आणखी मूल हवं आहे का, धाकट्याचं दूध सोडवता येईल का, झोपडीत लेकराला वेगळं निजवता येईल का, ऑपरेशननंतर विश्रांती मिळेल का, हे सगळं तिच्याजवळ आहे. तिन्ही रस्ते शास्त्रानं पारखलेले. तिचा कुठला, हे तिच्या जगण्याखेरीज कोण सांगणार?

हे बोलणं घडवून आणायला तिच्या भाषेतलं माणूस लागतं. याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. शेजारीण समजावते, तेव्हा प्रश्न विचारायची लाज वाटत नाही, हे त्यामागचं शहाणपण मला कुठल्याही औषधाइतकं मोलाचं वाटतं.

पीयूषिका आणि थायरॉइड एकमेकींचं ऐकतात, म्हणून शरीर ताळ्यावर राहतं. एकीनं ऐकणं सोडलं, की आजार. दवाखान्यातल्या टेबलाच्या दोन बाजूंनाही हाच नियम लागू आहे. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी पेन खाली ठेवून विचारावं, “ताई, ऊसतोडीला कधी निघणार?” उपचार तिथूनच सुरू होतो.